तीसपर्यंत मोजायचं

मेट्रनबाईंनी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. आवाजही चढवला नव्हता. मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षं मेट्रन म्हणून काढली, शंभर शंभर पोरी सांभाळल्या, पण त्यांच्या तोंडून साधा ‘मूर्ख’ हा शब्दही कुणी ऐकला नाही. तरी त्या जिना उतरू लागल्या की खाली जेवणाऱ्या पोरींचे चमचे आपोआप गप्प व्हायचे. निवृत्त होऊन आता पाच वर्षं झाली होती. शंभर पोरींना पुरणारी ताकद घरातल्या तीन माणसांवर खर्च होत होती. एक नवरा, एक लेक आणि एक घरजावई.

घरजावयाला सगळे जावईबापू म्हणायचे. लग्नात कुणीतरी थट्टेने म्हटलं आणि ते नाव त्याला चिकटलं. पेशाने तो चष्मेवाला. घराचा रस्त्याकडचा भाग मेट्रनबाईंनी त्याला दुकानासाठी दिला होता. तिथे तो गिऱ्हाइकांचे नंबर तपासायचा, फ्रेमी विकायचा आणि काचा घासून बसवायचा. काचा घासायचं यंत्र जागेअभावी दारातच होतं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुडघ्याला लागायचं. लोकांच्या डोळ्यांतला पाव नंबरही या माणसाच्या नजरेतून सुटत नसे. स्वतःच्या घरात काय चाललंय ते दिसायला मात्र कुत्र्याचं पिल्लू यावं लागलं.

पिल्लू बायकोने आणलं. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिथल्या पहारेकऱ्याच्या कुत्रीला सात पिल्लं झाली होती, त्यातलं हे सगळ्यात किडकिडीत. रंग तपकिरी आणि एका डोळ्याभोवती पांढरा ठिपका, म्हणून ठिपक्या. ठिपक्याने खोक्यातून उतरून दिवाणखान्याची पाहणी केली, गालिचाचा मधोमध भाग पसंत केला आणि तिथेच मोकळा झाला. सासरेबुवांनी वर्तमानपत्राची सुरळी केली.

“नाक घासा त्याचं त्यात,” जावईबापू म्हणाला. “आमच्या गल्लीत असंच करायचे. दोनदा घासलं की जन्मात विसरत नाही.”

“या घरात कुणाचं नाक कशात घासलं जात नाही,” मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याच्या हातातली सुरळी अलगद काढून घेतली, उलगडली, नीट घडी घातली आणि परत दिली. “मारलं की ते भितं. भ्यालं की लपून करतं. मग पलंगाखाली सापडतं चार दिवसांनी. मारून शहाणं झालेलं मी तरी कुणी पाहिलं नाही.”

“मग करायचं काय, मम्मी?” बायकोने विचारलं.

“सोपं आहे. खाल्लं, झोपून उठलं, खेळून दमलं की त्याला उचलायचं आणि अंगणात त्या एकाच झाडाखाली न्यायचं. तिथे केलं की तीन सेकंदांच्या आत खाऊ आणि कौतुक. चौथ्या सेकंदाला दिलं तर कशाबद्दल मिळालं हे त्याला कळत नाही. घरात केलं तर रागवायचं नाही. पाठ फिरवायची आणि मनात तीसपर्यंत मोजायचं. तोवर बोलायचं नाही, हात लावायचा नाही, बघायचंसुद्धा नाही. मग व्हिनेगरने पुसून घ्यायचं, म्हणजे वास राहत नाही. आणि सगळं घर एकदम द्यायचं नाही. आधी एक खोली. तिथे शहाण्यासारखं वागलं की दुसरी उघडायची.”

“किती प्रेमाने सांगतेस गं,” बायको म्हणाली.

“प्रेमानेच होतं सगळं. फक्त धीर पाहिजे.”

दुकानाचं मागचं दार अंगणात उघडत होतं, त्यामुळे पिल्लाला वळण लावायचं काम कुणाच्या गळ्यात पडणार हे उघडच होतं. जावईबापूने पिल्लू उचलून दुकानात नेलं. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं. त्या घरात आपल्यापेक्षा नवीन कुणीतरी आलं होतं.

त्याच्या डोक्यात त्या दिवसांत वेगळाच घोर होता. त्याची आई दोन तासांच्या बसप्रवासावर, दुसऱ्या गावात एकटी राहत होती. भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि दोन्ही गुडघे गेलेले. ती इमारत आता पाडणार होते. महिनाअखेरपर्यंत खोली रिकामी करा, अशी चिठ्ठी मालकाने दाराखालून सरकवली होती. “तुमच्याकडे ती मागची खोली आहे ना रे?” आईने फोनवर विचारलं होतं. “मला काय, एक खाट पुरे. मी कुणाच्या अध्यातमध्यात नसते.”

मागच्या खोलीत वसतिगृहाच्या जुन्या वह्या होत्या, तीन पेट्या होत्या आणि एक पाय मोडलेलं कपाट होतं. खोलीला कुलूप, आणि किल्ली मेट्रनबाईंच्या जुडग्यात. जावईबापूने तो विषय सहा वेळा काढला होता. काढला म्हणजे काय, ताकाला जाऊन भांडं लपवलं. “आईचे गुडघे फार दुखतात म्हणे,” असं काहीतरी पुटपुटायचा. मेट्रनबाई खिडकीबाहेर बघायच्या. सासरेबुवा ताटात बघायचे, बायको फोनमध्ये. थोड्या वेळाने दुसराच विषय निघायचा. नाही म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. पण मेट्रनबाई नाही कधी म्हणतच नसत.

“मम्मीने नकार कुठे दिलाय?” बायको म्हणायची. “तू उगीच घाई करतोस.”

इकडे ठिपक्याचं शिक्षण सुरू झालं. जावईबापूच्या खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे असायचे. दर दोन तासांनी गिऱ्हाइकाला “एक मिनिट हं” म्हणून तो पिल्लू काखेत मारून झाडाकडे धावायचा. पिल्लाने पाय फाकवले की तीन सेकंदांत अंडं आणि “शाब्बास रे माझ्या वाघा!” पहिले तीन दिवस वाघाने दुकानात चौदा तळी केली. चौदा वेळा जावईबापूने पाठ फिरवली, तीस मोजले आणि व्हिनेगर आणलं. पाठ फिरवणं त्याला जड जायचं. पिल्लू मागून त्याच्या पायजम्याला नाक लावायचं, मग पुढे येऊन तोंडाकडे बघायचं, मग त्याची चप्पल आणून समोर ठेवायचं. काहीच चालेना की कोपऱ्यात जाऊन बसायचं आणि बारीक आवाज काढायचं. त्यापेक्षा नाक घासलेलं बरं, असं त्याला दोनदा वाटलं. निदान अंगाला हात तरी लागतो.

चौथ्या दिवशी तो बाजारातून आला तर ठिपक्या दारात नाचत होता. मालक दिसल्याचा आनंद त्या एवढ्याशा जीवाला आवरेना, आणि नाचता नाचताच त्याच्याकडून झालं. जावईबापू हसत खाली वाकला.

“पाठ,” मागून मेट्रनबाईंचा आवाज आला.

“अहो मम्मी, आनंदाने झालं त्याच्याकडून.”

“आनंदाने केली तरी चूक ती चूकच. उलट तीच आधी मोडायला हवी.”

त्याने पाठ फिरवली आणि तीस मोजले. नवव्या दिवशी ठिपक्या पक्का झाला. स्वतःहून मागच्या दाराशी जायचा, खाली बसायचा, कुणी उघडेपर्यंत थांबायचा. मालक बाजारातून आला तरी आता नाचत नसे. बसून शेपूट हलवायचा, तीही बेताने. शेजारपाजारचे बघायला आले. एवढ्याशा पिल्लाला एक फटका न मारता असं वळण कसं लावलं, म्हणून सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मेट्रनबाईंनी त्याच दिवशी ठिपक्याला दिवाणखाना उघडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला जावईबापूने सातव्यांदा विषय काढला. “आईला महिनाअखेरपर्यंत जागा सोडायचीय,” तो म्हणाला. मेट्रनबाईंनी मान खिडकीकडे वळवली. जावईबापूची नजर सहज त्यांच्या हाताकडे गेली. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. तर्जनीची तीन पेरं, मधल्या बोटाची तीन, मग अनामिका, मग करंगळी. बारा झाली. अंगठा पुन्हा तर्जनीवर आला. चोवीस झाली. मग आणखी सहा. आणि तिसाव्याला मेट्रनबाई वळल्या, छान हसल्या.

“टोस्ट घ्या ना जावईबापू. गार होतील.”

त्या दिवशी त्याने एका म्हाताऱ्याला उजव्याची काच डाव्या डोळ्याला बसवून दिली. काम सोडून तो स्टुलावर बसून राहिला आणि चार वर्षं आठवत राहिला. लग्न झालं तेव्हा दुकान आणि झोपायची खोली, एवढंच त्याला मोकळं होतं. दर रविवारी आईकडे जायचं त्याने बंद केलं, त्या महिन्यात गच्चीची किल्ली मिळाली. आईचं आजारपण आलं तेव्हा चार दिवस राहायला जाणार होता, दोनच दिवसांत परतला. त्या सकाळी त्याच्या ताटलीत कडा कुरकुरीत भाजलेलं दोन अंड्यांचं ऑम्लेट आलं होतं. त्याला वाटलं होतं, सासूबाईंचा जीव आहे आपल्यावर. त्याने ते पुसून खाल्लं होतं. बायकोला अभिमानाने सांगितलंही होतं.

माणसाला असं काही कळलं की त्याने टेबल उलथवावं. जावईबापूनेही संध्याकाळभर मनातल्या मनात टेबलं उलथवली. मग त्याला एक शक्कल सुचली, आणि ती सुचली याचाच त्याला इतका अभिमान वाटला की राग मावळला. ही रीत जर कुत्र्यावर चालते आणि जावयावर चालते, तर सासूवर का चालू नये? आता मेट्रनबाईंनी त्याच्या आईचं नाव नुसतं काढायचा अवकाश, लगेच कौतुक आणि खाऊ. हळूहळू त्याच स्वतः म्हणतील, आणा तिला.

दोन दिवस तो खिशात महागडी नारिंगी क्रीमची बिस्किटं घेऊन सासूच्या मागेमागे फिरला. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मेट्रनबाई म्हणाल्या, “विहीणबाई शनिवारी येणार आहेत ना?”

जावईबापू गडबडला. पुडा खिशात अडकला, मग निघाला. “मम्मी! किती आठवणीने विचारता हो तुम्ही! बिस्किट घ्या ना.”

मेट्रनबाईंनी बिस्किट घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि बशीत ठेवलं.

“पाच सेकंद लागले तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “आणि खाऊ समोरच्याच्या आवडीचा लागतो, जावईबापू. मला नारिंगी चालत नाही.”

आवाजात राग नव्हता. चिडवणंही नव्हतं. शिकाऊ नर्सला पट्टी कशी बांधावी ते सांगावं, इतकं सरळ त्या बोलल्या. जावईबापूचे कान मात्र जळायला लागले. तो उठून गच्चीवर गेला. तिथे सासरेबुवा कठड्याशी उभे राहून सिगारेट ओढत होते. घरात ओढायची नाही, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“दिसलं वाटतं तुम्हाला,” सासरेबुवा त्याच्याकडे न बघता म्हणाले.

“तुम्हाला माहीत आहे?”

“मला तेरा वर्षं लागली. तुम्ही हुशार आहात, लवकर होईल.”

“लवकर काय होईल?”

“त्रास होत नाही मग.” सासरेबुवांनी राख आपल्याच तळहातावर झटकली. “मग बरं वाटतं.”

ते ऐकून त्याने ठरवलं. आडवळण नाही, पुटपुटणं नाही, शनिवारी सगळ्यांसमोर सरळ सांगायचं. दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभं राहून त्याने वाक्य पाठ केलं. ‘आई मागच्या खोलीत राहील. हे मी विचारत नाही, सांगतोय.’ मोठ्याने म्हणून पाहिलं. ठिपक्या मान तिरकी करून बघत राहिला. दहाव्यांदा म्हटलं तेव्हा आवाज कापला नाही. महिना संपायला सहा दिवस होते. आईला या वाक्यापलीकडे दुसरा थारा नव्हता, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी आई आली. हातात एक पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी चादर. चादर कशाला आणली, हे कुणी विचारलं नाही. ती दिवाणखान्यात खुर्चीच्या अगदी कडेला बसली. चष्म्याची एक काडी तिने दोऱ्याने बांधली होती. चष्मेवाल्याच्या आईने! जावईबापूने तो चष्मा हातात घेतला, दुकानातून बारीक स्क्रू आणून बसवून दिला. बायको सोफ्यावर, सासरेबुवा दाराजवळ, मेट्रनबाई खिडकीपाशी. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग आई स्वतःच बोलली. बिचारीला आडवळण येतच नव्हतं.

“विहीणबाई, मी स्पष्टच विचारते हो. ती मागची खोली रिकामी असेल तर मला द्याल का? मी माझा स्वयंपाक वेगळा करीन. कुणाला त्रास नाही देणार.”

मेट्रनबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. बायकोने फोन काढला. सासरेबुवा जिन्याकडे गेले. खोलीत बोलणारा आता एकच माणूस उरला होता, आणि त्याचं वाक्य पाठ होतं. ते जिभेवर आलंही. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात आईने त्याच्याकडे पाहिलं, आशेने, तोंड किंचित उघडं टाकून. त्या नजरेत इतकं मागणं होतं की त्याला ते सहन होईना. आणि ज्याला सहन होत नाही तो काय करतो, हे त्याच्या अंगात गेले दोन आठवडे मुरलं होतं. तो वळला. भिंतीवरच्या शोकेसमध्ये दुकानात न मावलेल्या चष्म्याच्या फ्रेमी होत्या, त्यातली एक काढून तो रुमालाने पुसू लागला.

आईला वाटलं, त्याला ऐकू गेलं नाही. “अरे, मी खोलीचं म्हणतेय,” ती जरा मोठ्याने म्हणाली.

तो मोजत होता. आठ. नऊ.

“तू सांग ना रे विहीणबाईंना. मी म्हणजे अगदी कोपऱ्यात पडून राहीन.”

चौदा. पंधरा. खुर्ची करकरली. आई उठून त्याच्या मागे येऊन उभी राहिली असावी, कारण तिच्या अंगाचा साबणाचा वास आला. तिने त्याच्या बाहीला हात लावला. एकोणीस. हात तसाच राहिला, मग निघाला. बाविसाव्याला ती बोलली तेव्हा आवाज बदललेला होता.

“तशी मला एका वृद्धाश्रमात खाट मिळतेय म्हणा. हॉलमध्ये बाराजणी आहेत, पण खाटेच्या वरच पंखा आहे. मी आपलं उगीच विचारलं.”

पिल्लाला नऊ दिवस लागले होते. म्हातारीला बावीस आकडे पुरले.

“किती समजूतदार आहात हो विहीणबाई!” मेट्रनबाई खिडकीपासून वळल्यासुद्धा होत्या. “बसा, बसा. अशा उभ्या नका राहू, गुडघे दुखतील.” त्यांनी स्वतः आईच्या पाठीशी उशी लावली, स्वतः आत जाऊन चहा केला आणि सोनेरी काठाच्या कपात आणला. तो कप पाहुण्यांनासुद्धा क्वचित मिळायचा. आईचा चेहरा उजळला. तिचं कौतुक कुणी केल्याला कितीतरी वर्षं झाली असतील. ती दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत राहिली आणि ठिपक्याचं, पडद्यांचं, चहाचं कौतुक करत राहिली. खोलीचं नाव तिने काढलं नाही.

मेट्रनबाईंनी कमरेचं जुडगं काढलं, त्यातली एक किल्ली सोडवली आणि जावईबापूच्या हातावर ठेवली.

“ते यंत्र किती दिवस दारात ठेवायचं? लोकांना लागतं. मागच्या खोलीत हलवा. आता ती खोली तुमची.”

जावईबापूने मूठ मिटली. त्याला लाज वाटली, खूप लाज वाटली. पण त्याच्या आधी आनंद झाला होता, चांगला पोटातून आलेला आनंद, आणि तो आधी आला हे त्याला नीट कळलं. खिडकी कोणत्या बाजूला आहे, यंत्राचा प्लग कुठे येईल, हे त्याच्या डोक्यात सुरूही झालं होतं.

“अगंबाई!” आई म्हणाली. “माझ्या लेकाला खोली दिलीत? देवासारख्या आहात हो तुम्ही.” तिने कप खाली ठेवला. “चल रे, बघू तरी. बसला अजून तास आहे.”

कुलूप गंजलं होतं, जोर लावल्यावर उघडलं. आत धुळीचा थर होता. त्याने पेट्या एका भिंतीला सरकवल्या. मागे वळून बघतो तर आईने बाह्या वर केल्या होत्या आणि कुठूनतरी झाडू मिळवला होता.

“अगं, राहू दे. मी करतो.”

“तुला नाही जमत कोपरे काढायला. लहानपणापासून नाही जमत.” ती वाकली. गुडघा धरून एकदा थांबली, मग कोपऱ्याकोपऱ्यातून झाडत दारापर्यंत आली. कचरा गोळा केला. पिशवीतली चादर काढली आणि खिडकीची काच तिने पुसून काढली, वरपासून खालपर्यंत. मग मागे सरकून, डोळ्यावरचा चष्मा सारखा करत ती बघत राहिली.

“छान आहे रे खोली,” ती म्हणाली. “सकाळचं ऊन येत असेल ना इथे?”

“येतं,” तो म्हणाला.